फायनल डेस्टिनेशन : पंचवीस वर्षांनीही बाथरूममधलं पाणी बघून पोटात गोळा येतो

गेल्या रविवारी भाची राहायला आली होती, अकरावीत आहे, आणि रात्री जेवणं झाल्यावर तिने धोशा लावला की मावशी काहीतरी हॉरर लाव पण ते पांढरी साडी नि दार वाजतंय वालं नको. मग मला एकदम आठवला फायनल डेस्टिनेशन, पहिला, २००० सालचा. मी तो पुण्यात हॉस्टेलला असताना २००३ मध्ये बघितला होता, कुणीतरी सीडी आणली होती आणि एका कॉम्प्युटरसमोर आम्ही नऊजणी दाटीवाटीने बसलो होतो. त्यानंतर आत्ता पूर्ण असा बघितला. तेव्हा नुसती भीती वाटली होती, यावेळी भीती तर वाटलीच पण अजून काहीतरी झालं आणि त्याबद्दल लिहायचंय म्हणून हा रिव्ह्यू.

आधीच सांगते, खाली सगळी गोष्ट फोडलेली आहे. ज्यांनी बघितलाच नाहीये त्यांनी आधी बघून या, दीड तासापेक्षा थोडासाच मोठा आहे.

तर गोष्ट अशी. अमेरिकेतल्या एका हायस्कूलची पोरं फ्रेंचच्या ट्रिपला न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालीत, फ्लाइट नंबर १८०. अॅलेक्स नावाचा पोरगा विमानात बसतो, डोळा लागतो आणि त्याला दिसतं की विमान उडाल्यावर हवेतच फुटलं, सगळे गेले. दचकून उठतो तर स्वप्नात जे जे घडलं होतं तेच पुढ्यात घडायला लागतं, मैत्रिणी येऊन सीट बदलून मागतात, समोरच्या ट्रेची कडी हातात निघून येते. तो आरडाओरडा करतो, मारामारी होते, त्या गडबडीत सातजण खाली उतरवले जातात. आणि थोड्याच वेळात एअरपोर्टच्या काचेतून त्यांना दिसतं की विमान खरंच फुटलं. इथपर्यंत पंचवीसेक मिनिटं होतात आणि मी सांगते एवढी पंचवीस मिनिटं जरी बघितली तरी पैसे वसूल आहेत.

कारण दिग्दर्शक जेम्स वाँगने इथे घाई केलेली नाही. अॅलेक्स बॅग भरत असतो तेव्हा आई बॅगेवरचा जुना विमानाचा टॅग फाडायला जाते आणि तो म्हणतो राहू दे, मागच्या वेळी हा टॅग होता आणि विमान नीट पोचलं होतं. आपल्याकडे परीक्षेला तेच पेन नेतात ना तसं. एअरपोर्टवर बोर्डावर वेळ झळकते ९:२५ आणि त्याचा वाढदिवस २५ सप्टेंबर. बाथरूममध्ये स्पीकरवर जॉन डेनव्हरचं गाणं लागतं आणि त्याला आठवतं की हा माणूस विमान पडूनच गेला, जे खरंच आहे, १९९७ मध्ये गेला तो. विमानात चढताना दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर खरवडलेलं दिसतं. एकेक गोष्ट घेतली तर काहीच नाही, पण सगळ्या मिळून मनाला जी टोचणी लागते ती ज्याला घरातून निघताना मांजर आडवं गेल्यावर दोन मिनिटं थांबावंसं वाटतं त्याला लगेच कळेल. मी थांबते, मी मानते थोडंफार, त्यामुळे मला हे सगळं फार जवळचं वाटलं.

विमान फुटण्याचा सीन अजूनही अंगावर येतो. विमानाच्या आतला सेट हलणाऱ्या यंत्रावर बसवून खरोखर हलवलाय, माणसं खरीखुरी फेकली जातायत, त्यामुळे आजच्या कॉम्प्युटरवर केलेल्या सीनपेक्षा तो जास्त खरा वाटतो. भाचीने तिथे माझा हात धरला तो पुढे अर्धा तास सोडला नाही.

आता मुख्य मुद्दा. या सिनेमात मारणारा कोणीच नाहीये. मुखवटा नाही, सुरा घेऊन फिरणारा माणूस नाही, भूत नाही, झपाटलेली बाहुली नाही. त्या काळात टीनेज हॉरर म्हटलं की एक मुखवटावाला आणि कॉलेजची पोरं एवढंच चालायचं, आणि यांनी तो माणूसच काढून टाकला. मृत्यू हाच मारतो, आणि तो दिसत नाही. फार तर वाऱ्याची एक झुळूक येते किंवा एखाद्या चकचकीत वस्तूवर सावली सरकते, बस. बाकी सगळं काम घरातल्या वस्तू करतात. टॉड नावाचा पोरगा बाथरूममध्ये दाढी करत असतो आणि कमोडच्या बुडातून पाणी झिरपत झिरपत फरशीवरून त्याच्या पायाकडे येतं, सावकाश. कॅमेरा त्या पाण्याच्या मागे असा जातो की जणू ते चालतंय. तो घसरतो, बाथटबमध्ये पडतो, कपडे वाळत घालायची तार गळ्याभोवती बसते, शॅम्पू सांडल्यामुळे पाय टेकत नाहीत. आणि तो गेल्यावर ते पाणी परत मागे जातं. पुरावाच शिल्लक ठेवत नाही, लोकांना वाटतं पोराने आत्महत्या केली. मला विचाराल तर अख्ख्या मालिकेतला सगळ्यात भयानक शॉट तो परत जाणाऱ्या पाण्याचा आहे, रक्ताचा एक थेंब नाही त्यात.

आणि मग लूटन बाई, त्यांच्या टीचर. त्यांच्या मृत्यूचा सीन मी दोनदा लावला. चहासाठी गरम पाणी मगमध्ये ओततात, मगवर शाळेचं चिन्ह दिसतं, त्या पोरांची आठवण येऊन हादरतात, चहा फेकून देतात आणि त्याच तापलेल्या मगमध्ये फ्रीजमधली गार दारू ओततात. मगला तडा जातो. हे आपल्या प्रत्येकाच्या घरात झालेलं आहे, काचेचा ग्लास गरम पाण्याने असा तडकलेला कोणी बघितला नाही? मग थेंब थेंब गळत कॉम्प्युटरवर, मॉनिटर फुटतो, काच गळ्यात, सांडलेल्या दारूवरून आग स्वयंपाकघरात, त्या टॉवेल ओढायला जातात तर वरून सुरी. प्रत्येक पायरी पटते. पाणी गरम, मग गार, म्हणून तडा, म्हणून गळती, म्हणून शॉर्टसर्किट. म्हणून हा सीन बघताना कुठेही असं वाटत नाही की लेखकाने जबरदस्तीने मारलं, उलट असं वाटतं की आपलं घर रोज किती वेळा वाचत असेल आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आपल्याकडे म्हणतात ना, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. पूर्ण सिनेमा त्या एका वाक्यावर उभा आहे असं मला वाटतं, फक्त इथे ते उलटं आहे, वेळ आली होती आणि ती चुकवली, म्हणून काळ परत येतोय. ज्या क्रमाने विमानात मरायचे होते त्याच क्रमाने एकेकाला न्यायला. मधे कोणी येऊन वाचवलं तर तो त्याला सोडून पुढच्याकडे जातो. आणि मला सारखी परीक्षित राजाची गोष्ट आठवत होती. सात दिवसांत तक्षक दंश करणार असा शाप मिळाला म्हणून राजा एका खांबावरच्या महालात जाऊन बसला, चहूकडे पहारे, वैद्य, मांत्रिक, मुंगी आत जाणार नाही असा बंदोबस्त, आणि सातव्या दिवशी संध्याकाळी तक्षक आला तो फळातली अळी होऊन. आजीने ही गोष्ट सांगितली की मी कितीतरी दिवस फळ फोडून बघितल्याशिवाय खायचे नाही. अॅलेक्स शेवटी एका लाकडी खोलीत एकटा जाऊन लपतो, प्रत्येक टोकदार कोपऱ्याला टेप लावतो, हातमोजे घालून डबा उघडतो, तेव्हा मला तो अगदी परीक्षितच वाटला. तिकडच्या लोकांनी ही गोष्ट ऐकली नसेलही, पण भीती तीच आहे.

कल्पना मूळ जेफ्री रेडिकची. त्याने एका बाईबद्दल वाचलं होतं, ती सुट्टीवर असताना आईचा फोन आला की उद्याच्या विमानाने येऊ नकोस माझ्या मनात काहीतरी वाईट येतंय, तिने विमान बदललं आणि आधीचं पडलं. त्यावर त्याने एक्स-फाइल्स या दोन एफबीआय एजंटांच्या टीव्ही सिरियलसाठी स्क्रिप्ट लिहिलं होतं, ते पुढे सिनेमा झालं, आणि गंमत म्हणजे जेम्स वाँग आणि त्याच्याबरोबर पटकथा लिहिणारा ग्लेन मॉर्गन हे दोघे त्याच सिरियलचे लेखक. ते कळतं सिनेमात, ते दोन एफबीआयवाले सारखे पोरांच्या मागे असतात ते त्याच घरातून आल्यासारखे वाटतात. पात्रांची आडनावं पण जुन्या हॉररवाल्यांची घेतलीत, हिचकॉक, ब्राउनिंग, लूटन, चेनी, श्रेक. हे मला हॉस्टेलला असताना माहीत नव्हतं, आता कळल्यावर छान वाटलं की या लोकांना आपल्या आधीच्या लोकांची किंमत आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. १७ जुलै १९९६ ला टीडब्ल्यूए ८०० हे विमान न्यूयॉर्कच्या जेएफकेवरून पॅरिसला निघालं आणि उडाल्यावर काही मिनिटांत समुद्रावर फुटलं, २३० माणसं गेली. त्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका हायस्कूलच्या फ्रेंच क्लबची १६ मुलं होती. तेही सिनेमातल्यासारखं बोइंग ७४७, तोच मार्ग, तशीच ट्रिप. तपासात निघालं की मधल्या इंधनाच्या टाकीतल्या वाफेचा स्फोट झाला, बहुतेक वायरिंगच्या शॉर्टसर्किटमुळे. सिनेमा आला मार्च २००० मध्ये, म्हणजे चार वर्षंसुद्धा झाली नव्हती. त्या गावातल्या आयांनी हे पोस्टर बघितलं असेल तर त्यांना काय वाटलं असेल हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. मला सिनेमा आवडतो, तरी हे इतकं जवळचं घ्यायला नको होतं, मार्ग तरी बदलायचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण याच सिनेमात वाचलेल्यांचं दुःख जितकं खरं दाखवलंय तितकं मी दुसऱ्या कुठल्या टीनेज हॉररमध्ये बघितलेलं नाही, हेही सांगायला पाहिजे, आणि हे मला वीस वर्षांपूर्वी कळलंच नव्हतं. टॉडचा भाऊ विमानात गेला, तर टॉडचे वडील अॅलेक्सलाच दोष देतात, पोराला त्याच्याशी बोलू देत नाहीत. लूटन बाई त्याला बघून घाबरतात. दोन टीचरपैकी एकाला पोरांसोबत पुढे जायचं होतं आणि एकाला खाली थांबायचं होतं, बाई थांबल्या, सर गेले, आणि तो विचार बाईंना झोपू देत नाही. वाचलेल्यांतला कार्टर तर नुसता चिडलेला असतो, आपला जीव या पोरामुळे वाचला हेच त्याला सहन होत नाही. कोणी अॅलेक्सला थँक्यू म्हणत नाही नीट, फक्त क्लिअर नावाची ती एकटी मुलगी त्याच्या बाजूने उभी राहते.

हे बघताना मला माझे मामा आठवले. मी सातवीत असताना मामा तालुक्याला जायला वडापमध्ये बसले होते, गाडी भरली होती, निघणार तेवढ्यात लक्षात आलं की डेअरीचं पासबुक घरी राहिलं म्हणून उतरले. त्यांच्या जागेवर गावातलाच दहावीतला एक मुलगा बसला. घाटात ती गाडी खाली गेली. तो मुलगा गेला. घरी आजीने मामांची दृष्ट काढली, देवापुढे नारळ फोडला, आलेल्या प्रत्येकाला तेच सांगत होती की काळ आला होता पण वेळ आली नव्हती. आणि मामा पडवीत भिंतीला टेकून बसलेले, एक शब्द नाही. नंतर कित्येक वर्षं ते त्या मुलाच्या घरावरून जायचे नाहीत, नदीकडे जायला पांदीने वळसा घालून जायचे. आम्हा पोरांना वाटायचं मामांना पांदीने जायला आवडतं. त्या मुलाची आई कधी काही बोलली नाही त्यांना, पण गावात कुजबुज होती, माणसं बोलतातच. डेव्हन सावाने केलेला अॅलेक्स स्मृतिस्तंभाजवळ एकटा उभा असतो आणि बाकीचे त्याच्याकडे चोरून बघतात, तो चेहरा मी बघितलेला आहे. एवढं या सिनेमाने पकडलंय म्हणून मी त्याला नुसता मारामारीचा हॉरर म्हणणाऱ्यांशी भांडते.

अॅक्टिंग सांगायची तर डेव्हन सावा उत्तम, सतत न झोपलेला वाटतो. अली लार्टर शांत आहे, ती शांतता बरी वाटते एवढ्या गोंधळात. क्रिस्टन क्लोकच्या लूटन बाई मला सगळ्यात आवडल्या. केर स्मिथचा कार्टर एकसुरी आहे, आल्या आल्या भांडतो, जाता जाता भांडतो, त्याला लेखकांनीच काही दिलेलं नाही. शॉन विल्यम स्कॉटचा बिली वेंधळा आणि घाबरट, त्याचा शेवट रेल्वेच्या रुळाजवळ ज्या झटक्यात होतो त्याने भाची अक्षरशः सोफ्यावरून उठली. आणि कार्टरची मैत्रीण टेरी, तिचा बसचा सीन. त्याबद्दल जास्त सांगत नाही, ती बोलत असते, रस्त्यावर मागे सरकते, आणि संपलं. ना म्युझिकने आधी चाहूल दिली ना कॅमेऱ्याने. मला माहीत होतं काय होणार आहे तरी दचकले.

टोनी टॉड फक्त एका सीनमध्ये आहे, शवागारातला माणूस, ब्लडवर्थ. पोरं त्या बाथरूमवाल्या टॉडचं प्रेत बघायला रात्री चोरून घुसतात तेव्हा हा उभा असतो आणि त्या खोल आवाजात सांगतो की मृत्यूच्या कामात अपघात नसतो, योगायोग नसतो आणि सुटकाही नसते. एकच सीन, पण तो माणूस मालिकेचा चेहरा होऊन बसला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो वारला. मे २०२५ मध्ये सहावा भाग आला, ब्लडलाइन्स, त्यात तो शेवटचा दिसतो, खूप आजारी, हाडं निघालेली, आणि त्याचा निरोपाचा सीन त्याला दिग्दर्शकांनी स्वतःच्या शब्दांत बोलू दिला, आयुष्य मोलाचं आहे, एकेक क्षण जगून घ्या असं तो बोलतो. थिएटरमध्ये मला रडू आलं, आणि बाजूच्या पोरांनाही आलं असावं कारण तोपर्यंत चाललेला दंगा एकदम थांबला.

शर्ली वॉकरचं म्युझिक पण हेडफोन लावून ऐका. सुरुवातीच्या टायटल्सला अॅलेक्सची खोली, बाहेर पाऊस, टेबलफॅन फिरतोय आणि पुस्तकाची पानं उडतायत, त्यावर ती धून. तो फॅनच तुम्हाला सांगून टाकतो की पुढे काय होणार आहे.

आता जे आवडलं नाही ते. एफबीआयवाले दोघे काहीच कामाचे नाहीत, येतात, संशय घेतात, जातात. नियम समजावून सांगताना डायलॉग फार शाळेतल्यासारखे होतात, अॅलेक्स कागदावर विमानाच्या सीटा काढून क्रम सांगतो ते बघायला बरं आहे पण तेच परत तोंडाने तीनदा सांगायची गरज नव्हती. आणि शेवट. मुळात शेवट वेगळा शूट केला होता, अॅलेक्स क्लिअरला वाचवताना मरतो आणि नंतर ती बाळाला जन्म देते. टेस्ट स्क्रीनिंगला लोकांना तो आवडला नाही म्हणून बदलला, आणि सहा महिन्यांनंतर पॅरिसचा सीन आला, तिघे कॅफेत बसलेत, वाटतं सुटलो, आणि मग ती मोठी पाटी झुलत येते. त्या पाटीवरचं Miro 81 आरशातल्यासारखं उलटं वाचलं की १८० दिसतं, ते हुशारीचं आहे, झटका बसतो, टाळ्याही पडल्या असतील. पण मला तो जुना शेवट पाहिजे होता. ज्या पोराने सगळ्यांचे शिव्याशाप खाल्ले, क्लिअरसाठी जिवंत वायर हातात धरली, त्याच्या गोष्टीला तोच शेवट शोभला असता. पाटीचा शेवट म्हणजे पुढच्या भागाची ॲडव्हान्स बुकिंग वाटते मला. आणि झालंही तसंच, खर्च साधारण २ कोटी ३० लाख डॉलर, जगभरात कमाई ११ कोटीच्या वर, मग काय, भागावर भाग.

पुढचे बघायचे असतील तर थोडक्यात. दुसरा (२००३) नक्की बघा, हायवेवर लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक, तो सीन बघितलेला माणूस पुन्हा तशा गाडीच्या मागे आपली गाडी ठेवत नाही. आपल्याकडे ओंडके कमी, पण सळया भरलेला टेम्पो असतो ना, मागे चार फूट बाहेर आलेल्या आणि टोकाला एक लाल फडकं बांधलेलं, त्याच्या मागे मी आजही राहत नाही, ड्रायव्हरला सांगते की दादा याला ओलांडून तरी जा नाहीतर मागे राहा. तिसरा (२००६) रोलर कोस्टरवाला, परत जेम्स वाँगचा, ठीक. चौथा (२००९) थ्रीडीसाठी काढलेला, सोडला तरी चालेल. पाचवा (२०११) पुलाचा, आणि त्याचा शेवट पहिल्याला असा येऊन जोडतो की पहिला बघितल्याशिवाय तो बघूच नका. सहावा वर सांगितला.

पंधरासोळाच्या खालच्या मुलांना दाखवू नका, रक्त आहे आणि त्याहून जास्त म्हणजे नंतर घरात वावरताना भीती वाटते, लहान मुलांना ते झेपणार नाही. ज्यांच्या घरात नुकतंच असं काही घडलंय त्यांनी तर बघूच नका. विमानप्रवासाच्या आठवडाभर आधी पण नको. बाकी सगळ्यांनी बघा, रात्री, दिवे घालवून, मोबाईल बाजूला ठेवून. माझ्याकडून ५ पैकी ४, एक तो शेवट बदलला म्हणून कापला.

सिनेमा संपल्यावर भाची पाणी प्यायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही म्हणून बघायला गेले तर ती ओट्यासमोर उभी होती, गॅसचं बटण दोनदा बघितलं, सुऱ्या स्टँडमधून काढून ड्रॉवरमध्ये ठेवल्या, फरशीवर सांडलेलं पाणी पुसलं. मग म्हणाली मावशी, ते मामाआजोबा अजून पांदीनेच जातात का. मी म्हटलं नाही गं, त्या मुलाची आई गेली त्या वर्षी मामा तिच्या मयताला गेले, आणि त्यानंतर सरळ रस्त्याने जायला लागले.